दोन सुताचा फरक

लातूरला आमच्या शाळेच्या रस्त्यावर माघ लागला की एक बाई पोतं अंथरून ढाळे विकायला बसते. मुळासकट उपटलेली हरभऱ्याची हिरवी झाडं, घाट्यांनी भरलेली, पेंढ्या बांधून ठेवलेली. मी दरवर्षी एक पेंढी घेते आणि दरवर्षी ती पिशवीत कोंबता कोंबता हाताला पानांवरची आंब लागते. मग दहावीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढताना कधीतरी बोट ओठाला लागतं, ती आंबट-खारट चव जिभेवर येते आणि मला ग्रीसचा वास येतो.

हरभऱ्याला ग्रीसचा वास येत नाही, हे मलाही माहीत आहे. स्टाफरूममध्ये हे बोलले तर बायका मला आधी पाणी देतील आणि मग रजेचा अर्ज. पण तीन वर्षांपूर्वी आमचा हरभरा ग्रीसच्या हातांनीच निघाला, त्याला माझा इलाज नाही.

त्या माघात मुखेडच्या अलीकडच्या आमच्या गावी, घरासमोरच्या अंगणात, माझ्या वडिलांनी आपल्या जुन्या पिकअपचा पुढचा एक्सल काढून दुसरा बसवला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. तेव्हा त्यांचं वय बहात्तर. ते एक्सल म्हणत नाहीत, आख म्हणतात. बैलगाडीच्या दोन चाकांमधून जातो तो आख, मग पिकअपच्या पुढच्या दोन चाकांमधला लोखंडी दांडा तरी दुसरा कोण, असं त्यांचं म्हणणं. मी आठवड्याची रजा काढून पाने द्यायला होते. गणिताची बाई, चौदाचा पाना आणि सतराचा पाना त्यांवरचे आकडे वाचून ओळखणारी. अण्णा नुसता हात लावून ओळखायचे आणि माझ्या वाचनाला हसायचे.

झालं असं होतं की संक्रांतीच्या आधी मुखेडचा बाजार करून येताना गाडी गावाबाहेरच्या पुलावरून खाली गेली. पूल म्हणजे ओढ्यात टाकलेल्या दोन सिमेंटच्या नळ्या आणि वर मुरूम. डावं चाक कडेच्या दगडावर आदळलं आणि गाडी तोंडघशी ओढ्यात. गाडीत अण्णा आणि शेजारी माय, दोघंच. फारसं लागलं कुणालाच नाही. अण्णांनी गावाला सांगितलं, "आख मोडला. मोडला म्हणून गाडी गेली." गावानं मान डोलावली. बावीस वर्षांची गाडी, तिचा आख मोडला तर नवल ते काय.

माझा धाकटा भाऊ बालाजी पुण्यात असतो. त्यानं फोनवरच निकाल लावून टाकला. होळीला येतो, गाडी भंगारात देतो, आणि अण्णांनी आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अण्णा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी बोलले. "दोष आखाचा हाय, माझा न्हाई. आख बदलतो. गाडी सरळ चालली तर तू सांग त्याला. तुझं ऐकतोय त्यो." मी म्हटलं, "सांगते." असा मी शब्द देऊन बसले. त्यामुळे गाडी दुरुस्त होते की नाही यापेक्षा अण्णा पुन्हा गाडी चालवणार की नाही, हे त्या आठवड्यात ठरायचं होतं, आणि ते माझ्या तोंडून ठरायचं होतं.

मी अर्थातच त्यांच्या बाजूची होते. गावातल्या किती सुना बाळंतपणासाठी त्या गाडीतून मुखेडला गेल्या, याची यादी मायला तोंडपाठ आहे, कोणाला मुलगा झाला आणि कोणाला मुलगी यासकट. मार्चमध्ये दहावीच्या पोरी परीक्षेच्या केंद्रावर जायच्या त्या याच गाडीच्या हौद्यात उभ्या राहून, वाऱ्यावर ओढण्या उडवत, सूत्रं पाठ करत. काढणीच्या बायकांना शेतावर सोडायचं काम तर अण्णांनी कुणी न सांगता स्वतःकडं घेतलेलं. असा माणूस स्टिअरिंगवरून उठवून बाजेवर बसवायचा म्हणजे काय करायचं, हे पुण्यात बसून कळत नाही. लातूरलाही पूर्ण कळत नाही, पण थोडं जास्त कळतं.

हरभरा काढायचा तो पहाटे. उन्हं चढली की घाटे तडतड फुटतात आणि दाणे मातीत जातात, म्हणून दव आहे तोवर हात चालवायचा. त्या दवातच आंब असते. हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधूनही ती आत शिरते, बोटांच्या चिरांमध्ये झोंबते, साडीचा काठ कडक करून टाकते. त्या वर्षी गाडी बंद, म्हणून बायका चालत आल्या होत्या. त्यातली एक पाठीमागून अण्णांना ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणाली, "अण्णाची गाडी माहेराला गेली जनू. आणायला जावा की कुनी." अण्णा पुढच्या ओळीत होते. मागं न बघता म्हणाले, "आठ दिसांत आणतो." नऊपर्यंत काढणी आटपायची, भाकरी खायची आणि मग अंगणात गाडीखाली. असा तो आठवडा. सकाळी आंब आणि दुपारी ग्रीस, एकाच हातांना.

दुसरा आख नांदेडच्या भंगार बाजारातून आला. जुनाच, पण चांगला. मुखेडकडं येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं तो आमच्या दारात उतरवला, आणि नेमका वार निघाला शनिवार. माय कुंपणाच्या फाटकात आडवी उभी राहिली. शनिवारी लोखंड घरात येत नसतं.

"अगं, जुनं लोखंड हाय ते," अण्णा म्हणाले. "वापरलेलं. नवं असतं तर गोष्ट येगळी."

"शनी काय जुनं-नवं बघून येतोय व्हय?"

"घरात कुठं न्यायलोय? अंगणात ठिवायलोय."

"अंगण काय शेजाऱ्याचं हाय?"

आख बाहेर बाभळीखाली राहिला, त्यावर पोतं टाकलं. अण्णांनी आपली बाज उचलून बाभळीखाली नेली आणि दिवसभर त्याच्याजवळ बसून काढला, रुसलेल्या पाहुण्याला सोबत करावी तसा. मायनं त्यांचा चहा तिथंच पाठवला. माझ्या हातून, कारण ती स्वतः त्या लोखंडाजवळ जाणार नव्हती. रविवारी सकाळी तिनंच आखाला हळदीकुंकू लावलं आणि मग तो आत आला.

हे काम घरी कशाला, मुखेडला गॅरेज कमी आहेत का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "गॅरेजवाल्यांना लई प्रश्न असत्यात." मला ते उत्तर विनोदी वाटलं. मी हसलेही.

मदतीला होते खाजाभाई. अण्णांचे जुने मित्र, सगळी हयात मिस्त्रीकाम केलेलं. आता गुडघे गेले, गाडीखाली जाता येत नाही. ते खुर्चीत बसून सांगायचे आणि अण्णा खाली पडून करायचे. मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दगडांची उटी लावली. पुढून जॅकवर उचलून चासीखाली बाभळीचे दोन ओंडके सारले. चाकं काढली. स्प्रिंगच्या पाट्यांना आख आवळून धरणारे यू-बोल्ट इतके गंजले होते की पाना फिरेना. अण्णा जोर लावायला लागले तसे खाजाभाई म्हणाले, "अजी माधवराव, लोखंड हाय. पळून नको जाईल. डिझेल पाजा आन् बसा."

मग डिझेल पाजलं आणि आम्ही बसलो. त्या बसण्याची आठवण मला कामाच्या आठवणीपेक्षा जास्त येते. हरभऱ्याचे ढीग वाळायला घातलेले, त्यांचा कडवट वास. डिझेलचा वास. माय आतून ढाळे भाजून आणायची, काळ्या झालेल्या घाट्यांमधून वाफाळलेले हिरवे दाणे निघायचे, आणि आम्ही तिघंही ग्रीसच्या बोटांनी ते सोलून खायचो. दोघे म्हातारे कुणाच्या तरी जुन्या ट्रकबद्दल बोलायचे, जसं लोक नातेवाइकांबद्दल बोलतात. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बरोबर नेला होता. त्यातल्या काहींवर माझ्या अंगठ्याचे काळे ठसे उमटले. शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी शाई सांडली म्हणून सांगितलं.

आता वाटतं, कळायला हवं होतं मला. ग्रीसचा डबा अण्णांच्या डाव्या बाजूला होता, तर त्यांनी तो दोनदा लाथाडला आणि दोन्ही वेळा कोंबड्यांना शिव्या दिल्या. कोंबड्या लांब उकिरड्यावर होत्या. मी डावीकडून पाना पुढं केला तर ते घ्यायचे नाहीत. हात तसाच पसरलेला आणि "दे की" म्हणून माझ्यावरच खेकसायचे. मी समजले, काम जड जातंय म्हणून चिडलेत.

जुना आख बाहेर ओढला तो बैलांच्या कासऱ्यानं, पोत्यावर सरकवत. उन्हात पडला तेव्हा खाजाभाई खुर्चीतून उठून आले, त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"मोडला न्हाई ये," ते म्हणाले. "वाकलाय. मार बसल्यावर वाकलाय."

"वाकला काय आन् मोडला काय," अण्णा म्हणाले. "एकच."

खाजाभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं, आणि परत जाऊन बसले. एकच नव्हतं ते. मोडला म्हणून गाडी गेली असती. वाकला, म्हणजे गाडी आधी गेली. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मी वर्षभर पोरींना घोकून घेते. त्या दुपारी माझ्या समोर पडलेलं ते सरळ उदाहरण मी ओलांडून गेले आणि चहाच्या कपबश्या उचलल्या.

सूत हा शब्द आमच्या घरात फार चालतो. सूत म्हणजे दोरा, हे सगळ्यांचंच. पण मिस्त्री आणि गवंडी लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि एखादी गोष्ट सरळ रेषेत असली की ती सुतात असते. अण्णांचं सगळं सुतात लागतं. पेरणीच्या ओळी, अंगणातली तुळस, भिंतीवरची दिनदर्शिका. बघायची त्यांची एक रीत आहे. उकिडवं बसायचं, उजवा डोळा झाकायचा, डाव्यानं रोखून बघायचं आणि मग निकाल द्यायचा. मला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी असंच बघितलं असावं, असा माझ्या नवऱ्याचा संशय आहे. मी वर्गात सांगते की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. अण्णांना हे कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी ते दोन खुंट्या ठोकून आधीच बघितलेलं होतं.

तर आख बसला, पाटे आवळले, चाकं चढवली, आणि शेवटचं काम राहिलं ते चाकं सुतात घेण्याचं. गॅरेजमध्ये त्याला यंत्र असतं. अंगणात दोरी असते. मागच्या चाकामागं एक खुंटी, पुढच्या चाकापुढं एक खुंटी, दोन्हींमध्ये गवंड्याची पांढरी दोरी ताणून बांधायची. ती मागच्या टायरला जशी टेकते तशीच पुढच्या टायरलाही दोन्ही कडांना टेकली पाहिजे. उजवी बाजू खाजाभाईंनी स्वतः वाकून तपासली आणि बरोबर निघाली. मग त्यांची दुपारच्या नमाजाची वेळ झाली, ते घरी गेले. डावी बाजू अण्णा बघणार होते.

मी मागच्या खुंटीला दोरी बांधून आले. अण्णा पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले. उजवा डोळा झाकला. डाव्यानं रोखून बघायला लागले. तेवढ्यात मागची खुंटी उपसून आली आणि दोरी सैल होऊन धुळीत पडली. बांधायची माझी गाठ पक्की होती, खुंटी कच्ची ठोकलेली. मी सांगणार, इतक्यात अण्णा म्हणाले, "हां. बराबर. सुतात हाय."

मी दोरीकडं बघितलं. दोरी जमिनीवर होती.

"एकदम सुतात हाय," ते पुन्हा म्हणाले आणि त्यांनी उजवा डोळा उघडला.

मग त्यांनाही दोरी दिसली. आणि मी दिसले, त्यांच्याकडं बघत असलेली. पन्नास वर्षांची सवय, तिनं त्या क्षणी त्यांना उघडं पाडलं. नेमका चांगला डोळाच त्यांनी झाकला होता. मला काय वाटलं ते सांगायला मला आजही नीट जमत नाही. भीती वाटली, आधी. मग त्यांची इतकी दया आली की मी खाली बघितलं, म्हणजे त्यांना माझा चेहरा बघावा लागू नये.

"पुन्ना बांध," ते म्हणाले.

मी खुंटी ठोकली, दोरी बांधली. दोरी टायरच्या पुढच्या कडेला टेकली होती, मागच्या कडेला नव्हती. मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. मी ते तोंडानं सांगितलं नाही. अण्णांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या फटीत नेऊन ठेवलं. त्यांनी दोन्ही डोळे मिटले. बोट हळूहळू फटीतून फिरवलं, दोरीला जराही न ढकलता.

"दोन सूत," ते म्हणाले. मोजून बघितलं असतं तर तेवढंच भरलं असतं.

मग ते गाडीखाली गेले, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे आटे फिरवले, बाहेर आले, बोट लावलं. पुन्हा आत गेले. असं चार वेळा. पाचव्या वेळी बोट शिरलं नाही. नमाज पढून आलेल्या खाजाभाईंनी दोरी बघितली आणि म्हणाले, "क्या बात हाय माधवराव, एक केसाचा फरक न्हाई." अण्णा साबणानं हात धूत होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

नांदेडला डॉक्टरांना दाखवलं ते पुढं, होळीनंतर. काचबिंदू. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, उजव्याची थेंब टाकून राखायची. ते थेंब टाकायची वेळ मी लातूरहून फोन करून आठवण करते आणि अण्णा दर वेळी सांगतात की टाकले, कधी कधी न टाकताच. कालही फोन झाला. हरभरा वाळत आलाय म्हणाले, बायका सांगून ठेवल्यात, तू कधी निघतीस? मी म्हटलं, शुक्रवारी शाळा सुटली की. फोन ठेवला आणि पिशवीतले ढाळे सोलायला घेतले.

दोरीच्या त्या दुपारी मात्र डॉक्टरही नव्हते आणि कुणाशी बोलायची सोयही नव्हती. मी मायच्या मागं स्वयंपाकघरात जाऊन उगाच मिठाचा डबा पुसत बसले. मी शब्द दिला होता तो असा की गाडी सरळ चालली तर बालाजीला सांगते. आणि गाडी आता खरोखरच सरळ होती. शब्दाला धरून बघितलं तर मला खोटं बोलायची गरजच नव्हती. बालाजीला फोन लावायचा, गाडी सुतात आहे म्हणायचं, ठेवून द्यायचा. उद्यापासून अण्णा काढणीच्या बायकांना हौद्यात घेऊन त्याच पुलावरून जातील. मार्चमध्ये पोरींना घेऊन जातील. आणि सांगितलं नाही, तर त्यांच्या हातातून स्टिअरिंग काढून घेणारी मी असेन, ज्या पोरीवर विसंबून त्यांनी बहात्तराव्या वर्षी गाडीखाली पाठ टेकली ती. दोन्ही गोष्टी मला नको होत्या. तिसरी काही सुचत नव्हती.

चार वाजता मायनं नारळ फोडला, गाडीला पाणी फिरवलं. खाजाभाईंनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चला, फेरी मारा एक." अण्णांनी उजवीकडचं दार उघडलं. गमछ्यानं सीट झटकली, स्टिअरिंग पुसलं, आरसा पुसला. मग दार तसंच उघडं ठेवून ते गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडं गेले आणि डाव्या सीटवर चढून बसले.

"पोरी, ये," ते म्हणाले.

मी लातूरला आमची छोटी गाडी चालवते, पण या गाडीच्या स्टिअरिंगला अण्णांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. बालाजीलाही नाही. मी चढून बसले. क्लच इतका जड की मला अर्धी उभी राहून दाबावा लागला. अण्णांनी गिअर कुठं आहेत ते बोट दाखवून सांगितलं, हात लावला नाही. गावातून बाहेर पडलो. काढलेल्या हरभऱ्याची रानं दोन्ही बाजूंना उघडी पडलेली, मध्ये सरळ मुरमाचा रस्ता.

"सोड स्टिरिंग," ते म्हणाले. मी जराशी बोटं उचलली. गाडी कुणीकडंही न ओढता सरळ जात राहिली. मी त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

पूल आला तसे म्हणाले, "थांबीव."

मी थांबवली. इंजिन चालूच होतं, पुढच्या काचेला थरथर.

"आख मोडला न्हवता, पोरी. त्यो दगड मला दिसलाच न्हाई."

"हो, अण्णा."

"दोन वर्सं झाली आसतील. आधी कडंकडंनं गेलं, मंग समदंच." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "तुझी माय हितं बसायची. माझ्या डाव्या अंगाला. जाताना, येताना तिचा नुस्ता आवाज यायचा. म्हणलं, आवाज तर येतोय, चालतंय. गाडी खाली गेली तवा बांगड्या फुटल्याचा आवाज आला, आन् तिचा आवाजच बंद झाला. मान वळवून बघीस्तोवर ती हाय का न्हाई, तेच कळंना. लई लांबला त्यो येळ."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायचं कुणापासून. अण्णांनी गमछा माझ्याकडं सारला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता बालाजीला फोन लाव. गाडी सरळ हाय म्हणावं, भंगारात देऊ नको. चालवायला माझ्या उजव्या अंगाला कुनीतरी बसवा म्हणावं."